माझ्या भाचीची मुलाखत घेणाऱ्यास

गृहस्थ,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही. 'वि. वि.' असंही लिहीत नाही, कारण विनंती करायला माझ्याकडे काही नाही. एक मागणी आहे, ती शेवटी लिहिते.

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. तुम्ही दिलेल्या कार्डावरचं नाव खोटं निघालं, कार्डावरचं ऑफिस म्हणजे एका बेकरीवरचा कुलूप लावलेला गाळा निघाला आणि फोन तिसऱ्या दिवशी बंद झाला. पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून ते चारचौघांत लिहिते आहे. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, त्यामुळे ते कुणातरी योग्य माणसाच्या हाती पडेलच.

तुम्हांला आठवावं म्हणून सांगते. २०२५ चा ऑगस्ट महिना होता. म्हैसूर स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका हॉटेलात दुसऱ्या मजल्यावरची खोली होती. पलंग भिंतीला सरकवून मध्ये टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर घातली होती, आणि चादरीच्या कोपऱ्यावर हॉटेलच्या धोब्याचा निळा शिक्का होता. तुमच्या गळ्यात 'ॲडमिशन सेल' लिहिलेली पट्टी होती. शेजारी एक गृहस्थ बसले होते, ते शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. 'डीन ऑफिसचे सर' अशी तुम्ही त्यांची ओळख करून दिलीत. समोर माझी भाची, तिचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि मी.

भाऊ तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. आदल्या दिवशी मिरजेहून गाडीत बसून लेकीला घेऊन माझ्याकडे आला होता. येताना त्याने दोन किलो बेदाण्याचा डबा आणला होता, 'सरांना' द्यायला. तो डबा तुम्ही टेबलावर उघडून ठेवलात आणि मुलाखत चालू असताना त्यातले बेदाणे खात होतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पोलिसांच्या कागदात ते कुठेच येणार नाही.

तुम्ही तिला पहिला प्रश्न विचारलात, "डॉक्टर का व्हायचंय?"

लातूरला दोन वर्षं क्लास करून आलेली मुलगी. या प्रश्नाचं पाठ उत्तर तिच्याकडे असायला हरकत नव्हती, पण तिने ते दिलं नाही. मांडीवरची फाईल दोन्ही हातांनी घट्ट धरून ती म्हणाली, "आमच्या गावचा दवाखाना रविवारी बंद असतो. बागेत औषध फवारताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना चक्कर आली, तो रविवार होता. टेम्पोत घालून मिरजेला नेईपर्यंत त्यांची शुद्ध गेली होती. त्या वाचल्या. पण मला रविवारी दवाखाना उघडा ठेवायचाय."

तुम्ही 'व्हेरी गुड' म्हणालात. दुसरा प्रश्न तिला नव्हताच, तो भावाला होता, "बाग किती एकर?" तिसरा, "जमीन एकट्याच्या नावावर की सामाईक?" चौथा प्रश्न परत तिला विचारलात, हृदयाला कप्पे किती. पाचवा भावाला, "रोख किती जमेल?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी या शहरात एकोणीस वर्षं राहते, कन्नड बोलते, के. आर. हॉस्पिटलच्या रांगेत कितीदा तरी उभी राहिले आहे. तरी मी गप्प बसले, कारण तुम्ही प्रश्न विचारत होतात आणि आमची मुलगी उत्तर देत होती. परीक्षा चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे आमच्या हाडीमांसी खिळलेलं आहे. तुम्ही नेमका त्याचाच फायदा घेतलात.

सहा लाख रुपये टोकन. दोन लाख आरटीजीएसने कुठल्याशा 'कन्सल्टन्सी'च्या खात्यात, चार लाख रोख. तो यंदाच्या बेदाण्याचा पैसा होता. 'सिलेक्शन झालं, आठ दिवसांत अलॉटमेंट लेटर येईल,' असं सांगून तुम्ही तिच्याशी हात मिळवलात.

पत्र आलं नाही. तुम्ही ज्याचं नाव सांगितलं होतंत त्या कॉलेजात अकराव्या दिवशी मी भाचीला घेऊन गेले. खिडकीपाशी बसलेल्या वयस्क कारकुनाने माझं बोलणं पुरं ऐकून घेतलं, एकदा मुलीकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "इल्लि इंटरव्ह्यू इल्ला, अम्मा." इथे मुलाखत होतच नाही. पेन खाली ठेवून त्याने आम्हांला पाणी दिलं. असे लोक आपल्या खिडकीशी येण्याची त्याला सवय झालेली दिसली.

आता सगळ्या आईबापांना कळावं म्हणून साफ लिहिते. म्हैसूरमधलं सरकारी मेडिकल कॉलेज १९२४ साली बंगळूरला सुरू झालं आणि १९३० साली इथे आलं. शहरातलं दुसरं जुनं कॉलेज १९८४ चं, ते आता अभिमत विद्यापीठाखाली आहे. पुढे सांगते तो लष्करी कॉलेजाचा अपवाद सोडला, तर एमबीबीएसचा प्रवेश कुठेही असो, वाट एकच आहे. आधी नीट, मग गुणवत्ता यादी, मग समुपदेशनाच्या फेऱ्या. राज्याच्या जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण म्हणजे केईए भरतं. अखिल भारतीय १५ टक्के जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती म्हणजे एमसीसी भरते. 'मॅनेजमेंट कोटा' म्हणून तुम्ही जे विकता त्या खासगी कॉलेजांच्या जागा, एनआरआय धरून, केईएच्याच फेऱ्यांतून जातात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या चौदाव्या कलमात हे बांधून दिलेलं आहे. या सगळ्यात हॉटेलची खोली कुठेही येत नाही.

मग आम्ही फसलो कसे? फसलो, कारण मुलाखत ही गोष्ट आमच्यासाठी खोटी नव्हती. भावाच्या गावातल्या एका मुलाला पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजने, म्हणजे एएफएमसीने बोलावलं होतं. तिथे नीटच्या गुणांवर निवडलेल्या मुलांची आजही चाचणी होते, समोरासमोर मुलाखत होते, शरीराची तपासणी होते. सैन्यात पाठवायचा डॉक्टर निवडताना समोर बसवून पाहावं लागतं, हे कुणालाही पटेल. सेवाग्रामला तर नीट येण्याआधी प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असायची, आणि प्रवेश मिळाल्यावर मुलांना आश्रमात राहावं लागायचं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज उमेदवारांना काही दिवस ठेवून घेऊन पारखायचं. ती पद्धत सोडावी लागू नये म्हणून त्यांनी नीटविरुद्ध कोर्टात लढाई केली, आणि २०१७ साली एमबीबीएसच्या शंभरपैकी फक्त एक जागा भरली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. त्या संस्थांबद्दल कुणाचं काही मत असो, त्यांनी 'तुला डॉक्टर का व्हायचंय' हा प्रश्न विचारला तो उत्तर ऐकण्यासाठी. तुम्ही तो विचारलात तेव्हा तुमचे डोळे माझ्या भावाच्या बॅगेवर होते.

आणखी एक गोष्ट मला तुमच्या तोंडावर सांगायची आहे. तुम्ही हा धंदा म्हैसुरात केलात. मुलाखतीच्या नावाखाली मुलांचं नशीब फिरवण्याविरुद्धची लढाई याच राज्याच्या नावावर लढली गेलेली आहे. तेव्हा हे म्हैसूर राज्य होतं. साठच्या दशकात सरकारने मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी निवड समित्या नेमल्या. ऐच्छिक विषयांच्या कमाल गुणांच्या २५ टक्के इतके गुण मुलाखतीला दिले. सामान्यज्ञान, कल, व्यक्तिमत्त्व, आधीची शैक्षणिक कारकीर्द, एनसीसी, खेळ, समाजसेवा, वादविवाद, नाटक, असं सगळं त्या गुणांत कोंबलं. परीक्षेत पुढे असलेली मुलं मुलाखतीत मागे पडली आणि कोर्टात गेली. आर. चित्रलेखा विरुद्ध म्हैसूर राज्य. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी १९६४ चा. बहुमताने मुलाखत टिकली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं म्हणणं असं होतं की ही पद्धत मुळात वाईट नाही, तिचा गैरवापर झाला तर तो त्या त्या वेळी तपासता येईल. न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी मात्र भिन्नमत नोंदवलं. ते आपल्या अमरावतीचे, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे चिरंजीव. कायद्याच्या शाळेत त्यांचं नाव दुसऱ्या कारणांनी घेतलं जातं. मला ते म्हैसूरच्या या खटल्यासाठी आठवतं.

पुढे सोळा-सतरा वर्षांनी श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा अजय हासिया खटला झाला. तिथे दीडशेपैकी पन्नास गुण तोंडी परीक्षेला होते. मुलांचं म्हणणं होतं की मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि विचारलं काय, तर वडील काय करतात, राहता कुठे. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या निकालात तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण देणं मनमानी ठरवलं, आणि मुलाखती टेपरेकॉर्डवर घ्याव्यात असंही सुचवलं. हे मी वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. 'वडील काय करतात.' तुमचा तोच प्रश्न. श्रीनगरच्या त्या खोलीत निदान खऱ्या कॉलेजची खरी माणसं बसली होती.

कोर्टांनी, मुलांनी, आईबापांनी पन्नास वर्षं झगडून प्रवेशाच्या खोलीतून मुलाखत बाहेर काढली. का काढली? ज्याचा काका मंत्री आहे त्याचं 'व्यक्तिमत्त्व' खुलून दिसायचं आणि शेतकऱ्याच्या पोराचं दिसायचं नाही, म्हणून. तिच्या जागी आता १८० प्रश्न आणि ७२० गुण आहेत. त्यातही पाप शिरतं, पेपर फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण निदान त्या कागदाला बाप किती एकराचा आहे ते कळत नाही. बाहेर काढलेली तीच खुर्ची तुम्ही परत आणून हॉटेलात मांडलीत.

तुमचा धंदा कशावर चालतो तेही मला आता कळलं आहे. २०२५ साली नीटला २२ लाखांवर मुलं बसली. त्यांतली १२ लाखांवर 'पात्र' ठरली. देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे निकालाच्या कागदावर 'पात्र' हा शब्द छापून आलेल्या दर दहा मुलांतल्या नऊ मुलांना जागा नाही. घरी पेढे वाटून होतात, शाळेच्या फलकावर नाव लागतं, आणि पंधरा दिवसांनी कळतं की पात्र म्हणजे प्रवेश नव्हे. त्या पंधरा दिवसांत तुमचा फोन येतो. माझ्या भाचीला ३९० गुण होते. तुमचा पहिला फोन निकालाच्या दुसऱ्या दिवशी आला आणि तुम्हांला तिचे गुण माहीत होते, बापाचं नाव माहीत होतं, तालुका माहीत होता. तुम्ही शहरातल्या डॉक्टरांच्या मुलांना फोन करत नाही. ज्यांच्या घरात कुणी या वाटेने गेलेलं नाही, त्यांना करता.

माझा भाऊ निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. हे त्याला मी तोंडावर सांगितलं आहे, इथेही लिहिते. तो जागा विकत घ्यायला आला होता. प्रवेशासाठी असा मोबदला घेण्याविरुद्ध कर्नाटकात १९८४ चा आणि महाराष्ट्रात १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आहे, हे त्याला ठाऊक नसेल, पण 'रोख' म्हटल्यावर काय चाललंय ते त्याला कळत होतं. त्याच्या पिढीने 'डोनेशन' हा शब्द लहानपणापासून ऐकला आहे. मुख्यमंत्री वसंतदादांनी १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात इंजिनिअर किंवा डॉक्टर होणं म्हणजे कुणातरी साहेबाला भेटून येणं, अशी समजूतच झाली. १९९२ साली कर्नाटकातल्याच एका कॉलेजबद्दल मेरठच्या एका मुलीने कोर्टात जाऊन कॅपिटेशनविरुद्ध निकाल मिळवला, पण समजूत कोर्टाच्या निकालाने जात नाही. तुम्ही तीच समजूत भाड्याने घेतलीत. भावाच्या चुकीची शिक्षा त्याला मिळाली. तुमच्या गुन्ह्याची अजून मिळालेली नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणूक पूर्वी ४२० मध्ये यायची, आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये येते. शिक्षा सात वर्षांपर्यंत. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने मला सांगितलं की तुमच्या पावतीवर 'मार्गदर्शन शुल्क' असं लिहिलेलं आहे, आणि चार लाख रोख दिल्याचा कागदच नाही. पैसे परत येतील असं मी धरून चाललेली नाही. भावाने सोसायटीचं कर्ज काढलं आहे, ते तो फेडेल. बागायतदार अवकाळी पावसात याहून जास्त बुडतो आणि पुढच्या ऑक्टोबरला परत छाटणी घेतो.

या पत्रामागचं खरं कारण पुढे आहे.

कॉलेजातून बाहेर पडल्यावर आम्ही दोघी सय्याजी राव रस्त्याने चालत देवराज मार्केटपर्यंत आलो. ती बोलत नव्हती. मार्केटच्या तोंडाशी फुलवाल्यांच्या गर्दीत थांबून तिने मला विचारलं, "आत्या, रविवारचं सांगायला नको होतं का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कारकुनाने मुलाखत होत नाही असं सांगितलं, ते तिने ऐकलं होतं. पण तिच्या मनाने ते धरलंच नव्हतं. तिला वाटत होतं की मुलाखत झाली आणि ती त्यात नापास झाली. अकरा दिवस ती रोज रात्री स्वतःचं उत्तर फिरवून फिरवून बघत होती. दवाखाना बंद असतो म्हटलं म्हणून सरकारवर टीका केली असं वाटलं असेल का? मावशींचं सांगायच्या ऐवजी संशोधनाचं सांगायला हवं होतं का? इंग्रजीत बोलायला हवं होतं का? आजही तिला पुरतं पटलेलं नाही. परवा फोनवर तिने आईला सांगितलं, पुढच्या वेळी ती 'चांगलं' उत्तर तयार करून जाईल.

गृहस्थ, सहा लाखांचा हिशोब पोलीस करतील. पण एका अठरा वर्षांच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर आपल्या मनातलं खरं कारण सांगितलं, आणि तिला त्या कारणाची लाज वाटू लागली. हे तुम्ही केलंत. ते उत्तर माझ्या ऐकण्यात आलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आहे. एएफएमसीच्या मंडळासमोर ते चाललं असतं, सेवाग्रामला चाललं असतं. ते ऐकून घ्यायला तुमच्यासमोर एक बेदाण्याचा डबा होता आणि शेजारी एक मुका माणूस होता.

वाचणाऱ्या आईबापांनो, तुम्हांलाही दोन शब्द. निकालानंतर कुणी जागा देतो म्हणून फोन केला, तर केईएसारख्या त्या त्या राज्याच्या प्राधिकरणाच्या किंवा एमसीसीच्या संकेतस्थळावर मुलाच्या नावाने जागा दिसते का, एवढंच बघा. दिसत नसेल तर जागा नाही. पैसे गेले असतील तर लाजेने घरात बसू नका, १९३० वर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांत खातं गोठवता येतं. आम्ही अकरा दिवस वाट पाहिली. आणि मुलाला कुणी मुलाखतीला नेलं असेल, तर ती खोटी होती हे त्याला एकदा नव्हे, दहादा सांगा.

आता मागणी. आम्ही सांगून तिला पटत नाही, कारण आम्ही घरचे आहोत, घरचे समजूतच घालणार. तुम्ही तिला फोन करा. मुलाखत खोटी होती, शेजारी बसलेला माणूस कुठल्याही डीनच्या ऑफिसातला नव्हता, आणि तिचं उत्तर बरोबर होतं, एवढी तीन वाक्यं तिला सांगा. मराठीत सांगा, त्या दिवशी तुम्ही उत्तम मराठी बोलत होतात.

तिचा नंबर तुमच्याकडे आहे. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही तो मिळवला होता.

तिची आत्या
म्हैसूर